बर्फासाठी केलेला चिखल

साखळ्या मी उलट्या बांधल्या होत्या. सुरुवात तिथनं करतो, कारण तेवढं सांगायची मला लाज वाटत नाही.

आमच्या घरी लग्न असो, बारसं असो — जेवणं उरकली, पानाचं तबक फिरलं, की कुणीतरी म्हणतंच, काका, ती जीपची गोष्ट होऊन जाऊ द्या. मग मी जरा आढेवेढे घेतो, आणि सांगतो. भर दुष्काळात आमच्या संस्थेनं जीपला बर्फात चालायच्या साखळ्या कशा केल्या. सेक्रेटरी म्हणजे मी. त्या साखळ्या मी स्वतःच्या हातानं चाकांना कशा बांधल्या. आकड्यांची तोंडं बाहेरच्या अंगाला ठेवायची असतात, मी ती टायरच्या अंगाला ठेवली. चेअरमन, सगळे संचालक, गावातला फोटोग्राफर, सगळे ऑफिससमोर उभे. मी स्टिअरिंगवर. कोरडी डांबरी सडक. गाडी हलली आणि भांड्यांच्या दुकानात बैल शिरावा तसा आवाज सुरू झाला. साखळीचं एक टोक सुटलं, मडगार्डला बडवायला लागलं, नंबरची पाटी उडाली ती नेमकी चेअरमनच्या पायाशी, आणि मागचं टायर हुश्श करून बसलं. चेअरमननं पाटी उचलली, पुसली आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही आपल्या मेंढ्याच मोजा."

इथं लोक पोट धरून हसतात. मी इथंच थांबतो. दरवेळी इथंच.

गोष्ट इथं संपत नाही. दुसऱ्या दिवशी काय झालं ते परवापर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भावाला नाही, बायकोला नाही. इतकी वर्षं हसवून हसवून झाकत आलो. अलीकडं गोष्ट रंगात आली, की समोरच्या हसणाऱ्या तोंडांचा मला राग येतो. पण त्यांचा काय गुन्हा? मी त्यांना अर्धीच गोष्ट देतो — सोललेली, गोड बाजूची. उरलेली अर्धी मी गिळून बसलोय.

तर ऐका. मला अडवू नका, आणि मध्येच "जाऊ द्या, झालं गेलं" असंही म्हणू नका.

ऐंशीनंतरची ती सालं. पाऊस पाठ फिरवून गेला होता. आमची संस्था मेंढ्यांची आणि लोकरीची, सहकारी. ऑफिस येडशीच्या अलीकडं, मागं गोदाम, गोदामामागं संस्थेचं काळं रान. सभासद सगळे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे. संस्थेकडं मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप होती. चारी चाकांना जोर लागणारी. पुढची चाकंसुद्धा ओढतात, म्हणून घाट, नाला, खडक — काही म्हणता काही अडायचं नाही. आणि म्हणूनच तहसीलनं एक काम आमच्या गळ्यात घातलं होतं. डोंगरावरच्या खडकवस्तीला पाणी पोचवायचं. तिथं ट्रक चढत नव्हता. बैलगाडी चढली असती, पण बैल राहिले होते कुठं? आमच्या आवारात एक बोअर होता, तो दिवसभर धापा टाकायचा तेव्हा कुठं एक टाकी भरायची. ती टाकी ट्रॉलीवर, ट्रॉली जीपच्या मागं, आणि एक दिवसाआड जीप घाट चढून वर. वस्तीवर धनगरांची घरं होती, बौद्धांची होती. माणसं, मेंढ्या, कोंबड्या, सगळ्यांची तहान त्या एका टाकीवर.

आणि ह्याच जीपला आम्ही बर्फाच्या साखळ्या करत होतो.

का? कारण चेअरमनच्या डोक्यात अभ्यास दौरा शिरला होता. हिमाचलात लोकर कशी काढतात, कशी धुतात, ते बघायचं. इकडं आमच्या मेंढ्या चाऱ्यावाचून माना टाकत होत्या, त्यांच्या अंगावर लोकर कसली, कातडं हाडाला चिकटलेलं — आणि आम्ही लोकर धुण्याचा अभ्यास करणार होतो. धुण्याचा! बरं, जायचं तर रेल्वेनं जावं. तर ते नाही. ऑफिसात एका खतकंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर बर्फाचा डोंगर. चेअरमननं एक दिवस त्याच्याकडं बघत ठरवून टाकलं, की आपली जीप त्या डोंगरात घालायची आणि तिच्यासंगं फोटो काढायचा. पुढच्या वर्षीच्या अहवालावर तो फोटो. जीप तिकडं गेल्यावर वस्तीला पाणी कशानं जाणार, हे कुणीच काढलं नाही, मीही नाही.

चेअरमनला शिव्या घालणं सोपं आहे. मी पुष्कळ घातल्यात, मनातल्या मनात. पण खरं सांगू? त्या कॅलेंडरकडं मीसुद्धा बघायचो. उन्हानं डोळे भाजायचे तेव्हा त्या पांढऱ्याकडं बघितलं की थंड वाटायचं. दौऱ्यात माझं नाव होतं. मला बर्फ बघायचा होता. लहान पोराला जत्रा बघायची असते तसा.

तयारी माझ्याकडं आणि ड्रायव्हरकडं. ड्रायव्हरला सगळे फौजी म्हणत. पलटणीत होता, लडाखला गाडी चालवली म्हणायचा. चालवली का तिथं भाकरी भाजल्या, देव जाणे — गप्पा मात्र अशा मारायचा की ऐकणाऱ्यानं उन्हाळ्यात घोंगडं पांघरावं. तो म्हणाला, साहेब, बर्फात नुसतं टायर गरागरा फिरतं, जागचं हलत न्हाय. साखळ्या पायजेत. साखळ्या कशाच्या करायच्या? तर आमच्याकडच्या वाशीच्या बाजारात जनावरं बांधायच्या साखळ्यांचा ढीग लागला होता. लोकांनी बैल विकले, गाई विकल्या, मग रिकाम्या दावणीच्या साखळ्या ठेवून काय करायच्या? त्याही विकल्या. त्या आम्ही गोणीभर उचलल्या. लोहारानं त्यांची शिडीसारखी जाळी जोडून दिली. ज्या गळ्यांना त्या साखळ्या होत्या ते गळे तेव्हा कुठं होते, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. लोहाराच्या मात्र आला. तो म्हणाला, एवढ्या दावणी मी एका जागी कधी बघितल्या न्हाईत.

रेडिएटरमधलं पाणी थंडीनं गोठू नये म्हणून शहरातनं औषध मागवलं. बघा की — त्या घोटभर पाण्याची आम्हाला केवढी काळजी! हूडला नवीन ताडपत्री, फावडं, गोणपाट, घोंगडी, जास्तीचं टायर. सगळी जंगी तयारी. मग आली ती प्रात्यक्षिकाची सकाळ, उलटे आकडे, उडालेली पाटी. आणि "मेंढ्याच मोजा."

लग्नात सांगताना मी ते वाक्य चेअरमनच्या आवाजात म्हणतो. त्या दिवशी मात्र माझ्या कानशिलातून वाफ निघाली होती. फोटोग्राफर हसला होता. पाणी भरायला आलेल्या बायका हसल्या होत्या. वर जाता जाता चेअरमन म्हणून गेले, की दौऱ्याला सेक्रेटरीऐवजी दुसरं कुणी बघू, गाड्यांतलं कळणारं. परवा निघायचं होतं. म्हणजे माझ्या हातात एकच दिवस.

फौजीला म्हणालो, आता काय करायचं? तो म्हणाला, कोरड्यावर साखळी कधी चालवायचीच नसती, ती टायर खाती. साखळी दाखवायची तर घसरड पायजे. बर्फ नसंल तर चिखल. आपल्या काळ्या रानाचा चिखल म्हंजे बर्फाचा सख्खा भाऊ.

चिखल. दुष्काळात. हसू नका, इथनं पुढं हसण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकवस्तीची टाकी भरून उभी होती. ट्रॉली जोडलेली. घाटाकडं तोंड. फौजी चावी घेऊन आला. मी म्हणालो, गोदामामागं घे. त्यानं माझ्याकडं बघितलं. गप्पिष्ट माणूस, पण त्या वेळी फार हळू बोलला, "साहेब, वस्तीचं पाणी हाय हे."

"उद्या देऊ की," मी म्हणालो.

उद्या! जसं काही तहानेला तारीख देता येते.

आणि तोटी त्यानं उघडली नाही. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढं कधी कुणी म्हणायला नको की ड्रायव्हरनं केलं. तो बाजूला उभा राहिला, हात पाठीशी बांधून. तोटी मी उघडली. ह्या हातानं. आखडली होती, दोन्ही हात लावून जोर केला.

आता मला सांगा — टाकी उघडली की लगेच चिखल होतो असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटलं होतं. नाही होत. दुष्काळातलं काळं रान फाटलेलं असतं. मनगट आत जाईल एवढ्या भेगा. पाणी पडलं ते सरळ भेगांत गेलं. आवाज येत होता, घटाघटा, कुणी तोंड लावून पितंय असा. वर काहीच नाही, माती फक्त जराशी काळवंडली. बराच वेळ मी तसाच उभा. तोटी तेव्हा बंद करता आली असती. अर्धी टाकी उरली होती. अर्धी टाकी घेऊन जीप वर गेली असती, तर बायकांनी हंडे अर्धे भरून घेतले असते, काही न बोलता. मला हे तेव्हा कळलं होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मनात काय आलं माहीत आहे? आलं, की एवढं ओतलंच आहे, आता चिखल झाला नाही तर हेही वाया जाईल.

वाया जाईल — असा शब्द माझ्या डोक्यात आला.

म्हणून सगळी ओतली. शेवटी शेवटी झाला चिखल. छान झाला. चेअरमन आले, संचालक आले. साखळ्या ह्या खेपेला फौजीनं बांधल्या, चिखलात मी गाडी घातली, आणि ती सरळ अशी निघून गेली की बस. बिनसाखळीची चाकं फिरवून दाखवली, मग साखळीची. टाळ्या. फोटो. चेअरमननं पाठ थोपटली. हे पाणी कुठलं, असं त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाही. दुष्काळात ओला चिखल बघून एकाच्याही कपाळाला आठी पडली नाही! सगळे गेले तेव्हा चाकोऱ्यांत साचलेल्या गढुळाला कावळे आले होते. कुठनं तरी एक गाभण शेळी आली आणि गुडघे टेकून प्यायला लागली. मी तिला हाकललं नाही. केवढं औदार्य!

ते पाणी आमच्या गल्लीचं असतं, तर मी ओतलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याचं उत्तर देणंही खोटेपणाचं वाटतं. उत्तर तुम्हाला माहीत आहे. मलाही तेव्हा माहीत होतं.

दुपारी लिंबाजी आला.

लिंबाजी खडकवस्तीचा. बौद्धांच्या घरातला, रोजगार हमीवर खडी फोडायचा. माझ्याच वयाचा. वस्तीचं काही काम असलं की वस्ती त्याला पुढं करायची, कारण तो ऑफिसात आला तरी आवाज चढवायचा नाही आणि मानही खाली घालायचा नाही. दारातनं "जय भीम, भाऊसाहेब" म्हणायचा. मी "या, या" म्हणायचो. जय भीम म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही, हेही आज लिहूनच टाकतो, ओघात आलंय तर.

त्यानं विचारलं, आज जीप आली नाही?

मी टेबलाशी बसलो होतो. पाय टेबलाखाली होते, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. ते दिसू नयेत म्हणून उठलोसुद्धा नाही. आणि मी सांगितलं — अगदी सहज, जसं काही सकाळपासून पाठ करून ठेवलं होतं — की घाटात, वरच्या वळणावर, ट्रॉली कलंडली. दगड पुढं आलाय ना तिथं, त्यावर चाक गेलं. सगळं पाणी सांडलं. जीप जाता जाता राहिली, आम्ही कसेबसे वाचलो.

कशासाठी "आम्ही कसेबसे वाचलो"? तेवढ्याची काही गरज नव्हती. पण गोष्ट सांगणाऱ्याची खोड — रंग भरल्याशिवाय राहवत नाही. तो शाप आहे मला.

लिंबाजी मग म्हणाला, "कुणाला लागलं तर न्हाय ना?"

मी म्हणालो, नाही.

"मग झालं," तो म्हणाला. "पाणी काय, उद्या येईल." आणि गेला. उन्हात, चालत, घाट चढून, रिकाम्या हातानं, ही बातमी घेऊन.

तुम्हाला वाटलं असेल, ह्यापेक्षा वाईट काय असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

वस्तीनं काय केलं? शिव्या दिल्या असत्या तर मी आज इथं बसून हे लिहीत नसतो. वस्तीनं ठरवलं, की आपल्यापायी भाऊसाहेबांची गाडी दरीत जायची वेळ आली. रस्ता आपला, दगड आपला, मग तो आपणच काढायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच पहारी, घण, टिकाव घेऊन बायामाणसं त्या वळणावर आली. आदल्या दिवशी पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. त्या दिवशीही आमचा बोअर टाकी भरता भरता दुपार करणार होता. तशा कोरड्या घशानं ती माणसं दगड फोडायला लागली. जो दगड कधी कुठल्या चाकाखाली आलाच नव्हता, तो दगड. मला पुढं एकीनं सांगितलं, की सांडलेल्या पाण्याचा डागसुद्धा कुठं दिसला नाही, तेव्हा लिंबाजीच म्हणाला, जमीन किती तहानेली झाली असंल बगा, एवढी टाकी पिली अन् ओल बी राहू दिली न्हाय.

तो माझं खोटं सावरत होता. न मागता. न कळता.

घण त्याच्याच हातात होता. कपची उडाली ती डाव्या डोळ्यात.

बाजेवर घालून त्याला खाली आणलं. मी आवारातच होतो, दौऱ्याचं सामान जीपमध्ये भरून घेत होतो. मला आठवतं — हे आठवू नये असं फार वाटतं — की त्याला आत झोपवायला जागा करावी म्हणून मी मागच्या साखळ्या बाहेर काढल्या, आणि काढताना जपून काढल्या, गुंतू नयेत म्हणून. मीच त्याला उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं डोळ्यावर धोतराचा बोळा धरला होता, रक्त मनगटावरनं ओघळत होतं, आणि तो मला काय म्हणाला? म्हणाला, "भाऊसाहेब, दगड निघाला. आता गाडी कलंडणार न्हाय."

तेव्हा तरी सांगायचं. गाडीत तो, मी आणि फौजी. फौजीनं आरशातनं माझ्याकडं बघितलं. मी काचेतनं बाहेर बघत राहिलो. नुसता रस्ता. दोन्ही बाजूंना उघडी रानं.

डोळा गेला. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण तो गेलाच.

आणि मी दौऱ्याला गेलो.

हो, गेलो. निघायला एक दिवस उशीर झाला म्हणून चेअरमन कुरकुरत होते. लिंबाजी अजून खाटेवर होता, डोळ्यावर पट्टी. मी त्याला संत्री देऊन आलो आणि त्याच रात्री घरी घोंगडी बांधली. निघायच्या आधी वस्तीला दोन टाक्या पाठवल्या, हे मी कितीतरी वर्षं स्वतःला पुन्हापुन्हा सांगत आलो. दोन पाठवल्या, दोन पाठवल्या. त्यातली एक तर तशीही त्यांचीच होती!

बर्फ? बघितला. डोंगराच्या खालच्या गावातच पोलिसांनी गाड्या अडवल्या, वरचा रस्ता बंद होता. साखळ्या गोणीतनं बाहेरही निघाल्या नाहीत. रस्त्याकडेला झाडून लोटलेला बर्फाचा एक ढीग होता, मळकट. त्याच्यापुढं जीप उभी करून चेअरमननं फोटो काढून घेतला. मी मूठभर उचलला. हातात तो वितळायला लागला, बोटांतनं थेंब थेंब गळायला लागला. पाणीच की ते! दुसरं काय असणार होतं? मी हात झटकला आणि कोटाला पुसला.

पुढच्या वर्षी सर्वसाधारण सभेत लिंबाजीचा सत्कार झाला. श्रमदानाबद्दल. शाल, नारळ. सूचना कुणाची? माझी. भाषण कुणाचं? माझंच. मी बोललो, की ज्या माणसानं आपला डोळा दिला पण वस्तीची वाट मोकळी केली. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. चांगलं झालं भाषण. माझी भाषणं नेहमीच चांगली होतात. लिंबाजी खुर्चीत अवघडून बसला होता, शाल मांडीवर घेऊन, एका डोळ्यानं माझ्याकडं बघत. कौतुकानं बघत. त्या भाषणाचा मला जेवढा राग येतो तेवढा तोटी उघडल्याचाही येत नाही. तोटी उघडली ती हावेनं, चिडीनं. भाषण मी घरी बसून, चहा घेत, विचार करून तयार केलं होतं.

त्या वळणाला अजूनही लोक माझ्या अपघाताचं वळण म्हणतात. माझा अपघात! नवीन पोरांना दाखवतात, इथं सेक्रेटरीसाहेब मरता मरता वाचले.

आणि लिंबाजी? खडी फोडणं एका डोळ्यानं जमेना. मेंढ्या राखू लागला, दुसऱ्यांच्या. बाजारात भेटायचा. दरवेळी तेच — तुमाला त्या दिवशी लागलं न्हाय, ह्येच लई झालं. मी दरवेळी हसायचो. अंतर राखून हसायचो. पुढं पुढं लांबून दिसला की मी दुसऱ्या आळीनं जायला लागलो. फौजी वारला. त्यानं कधी तोंड उघडलं नाही. मी त्याच्या मातीला गेलो होतो, आणि सरण पेटल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता कुणाला माहीत नाही. असा माणूस आहे मी. तुम्ही ज्याला लग्नात मधे बसवून हसता तो.

मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नात परत फर्माईश झाली. मी सुरू केलं. नंबरची पाटी उडाली, सगळे हसले — आणि मांडवाच्या कडेला, वाढपी जेवायला बसले होते त्यांच्यात, लिंबाजी बसला होता. त्याचा जावई आचाऱ्याच्या हाताखाली होता, त्याच्याबरोबर आला असेल. तोही हसत होता. मनापासून. गोष्ट संपल्यावर शेजारच्याला अभिमानानं म्हणाला, "ह्याच जीपनं आमाला पाणी आणायचे."

परवा मी खडकवस्तीवर गेलो. आता एस.टी. जाते वरपर्यंत. त्याच्या ओट्यावर बसलो. चहा आला. मी म्हणालो, लिंबाजी, ट्रॉली कलंडली नव्हती. मग सगळं सांगितलं. साखळ्या, चिखल, तोटी. ह्या वेळी रंग भरला नाही. इतकी साधी गोष्ट मी जन्मात सांगितली नसेल. डोळ्याचं मात्र त्याच्यापुढं मला बोलता आलं नाही. ते त्याचं त्यानं जोडावं असंच मी ठेवलं. तेवढाही धीर झाला नाही.

मला वाटत होतं तो डोळ्याचं काढील. डोळ्याचं त्यानं काढलंच नाही. त्यानं एवढंच विचारलं, "सगळी टाकी?"

मी म्हणालो, सगळी.

"त्या दिशी," तो म्हणाला, "बायामाणसं हंडे घिऊन अंधार पडूस्तोर वस्तीच्या तोंडाशी बसली व्हती. म्याच खाली जाऊन आल्यावर सांगितलं त्यास्नी. उठा म्हणलं. साहेब मरता मरता वाचलेत, पाण्याचं काय घिऊन बसलाव." मग त्यानं माझ्यापुढचा चहाचा कप उचलला. मी अर्धाच प्यालो होतो. "आता जावा तुमी," म्हणाला.

मी उठलो. एस.टी.ला वेळ होता. घाट चालत उतरलो. ते वळण आलं, रुंद, मोकळं, कडेला रचलेला दगड अजून जसाच्या तसा. त्यांचं काम पक्कं असतं.

घरी येऊन हे लिहिलं. कुणाला पटावं, कुणी समजून घ्यावं म्हणून नाही. खडकवस्तीवर आता हे माहीत आहे, तर खालीही माहीत असावं, एवढंच. त्या वळणाला माझं नाव लावू नका. आणि लग्नात ती गोष्ट मला सांगायला लावू नका. लावलीत तर मी सगळी सांगेन.

लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती निवडायला घेतलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिनं पानं सुपात लोटली, देठं उचलली, परसात टाकून आली. मग दारात उभी राहून म्हणाली, "त्या दिवशीची तुमची पँट मी धुतली होती. घाटात सगळा मुरूम आहे. एवढा काळा चिखल कुठला, हे मला कळलं नसंल व्हय? तुम्ही हिमाचलातनं मला शाल आणणार होता, म्हणून मी विचारलं नाही. लिहिताय तर हे पण लिहा."